अमेरिकेतली गरिबी: आपण दिलेली मदत नक्की कुणाच्या उपयोगी पडते?

धागा सुरू केला: पारिजात_जर्सी

मंडळी, बरेच दिवस लिहायचं होतं. लांबलंय, सवडीने वाचा.

२०२५ च्या १ नोव्हेंबरला शनिवार होता. न्यू जर्सीत आमच्या गावातल्या एका चर्चच्या तळघरात फूड पँट्री (गरजूंना फुकट किराणा वाटायचं ठिकाण) चालते, तिथे मी गेली सहा वर्षं शनिवारी सकाळी जाते. दार नऊला उघडतं. त्या दिवशी आम्ही साडेसातला पोचलो तेव्हाच रांग पार्किंगच्या बाहेर गेली होती. केंद्र सरकारचं कामकाज महिनाभर ठप्प होतं आणि स्नॅपचे (किराण्यासाठी मिळणारी सरकारी मदत, जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही 'फूड स्टँप') नोव्हेंबरचे पैसे लोकांच्या कार्डांवर जमा झाले नव्हते. तेव्हा देशात ४ कोटींहून जास्त माणसांचा किराणा या कार्डावर चालत होता.

दिवाळी नुकतीच झालेली. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात आम्ही धान्य गोळा केलं होतं आणि लोकांनी अजिबात हात आखडता घेतला नव्हता. तूरडाळ, हरभरे, तांदूळ, कणकेची पोती. सगळं माझ्याच गाडीत भरून नेलं आणि मला फार समाधान वाटत होतं.

साडेनऊच्या सुमारास एक बाई आली. अंगावर नर्सिंग होमचा निळा गणवेश, रात्रपाळी करून थेट आलेली, बरोबर सातआठ वर्षांचा मुलगा. मी तिच्या पिशवीत तूरडाळीचं पाकीट ठेवलं. तिने ते हळूच काढून परत टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "हे शिजवावं लागतं ना? आमच्याकडे फक्त मायक्रोवेव्ह आहे. कडी ओढून उघडतात तसले डबे आहेत का? ओपनरही नाहीये." ती, मुलगा आणि तिची आई हायवेलगतच्या एका मोटेलात राहतात. मुलाने फळीवरून पीनट बटरची बरणी उचलली, आईकडे बघितलं, तिने मान हलवल्यावरच पिशवीत ठेवली. आमच्या पोत्यांतलं काहीही तिच्या कामाचं नव्हतं.

नोकरी असताना मोटेलात का? मीही आधी हेच विचारलं असतं. इथे घर भाड्याने घ्यायचं तर पहिल्या महिन्याचं भाडं आणि वर डिपॉझिट लागतं, आमच्या राज्यात कायद्याने जास्तीत जास्त दीड महिन्याचं. भाडं १,८०० डॉलर धरलं तर हातात एकदम ४,५०० हवेत. शिवाय क्रेडिट स्कोअर बघतात, पूर्वी कधी भाडं थकून कोर्टात केस झाली असेल तर तीही बघतात. मोटेल आठवड्याचे पैसे घेतं आणि फारसं काही विचारत नाही. चार आठवड्यांचे मिळून घरभाड्याहून जास्त जातात, त्यामुळे डिपॉझिटचे पैसे कधी साठतच नाहीत.

आणि हिशोब बघा. तासाला १८ डॉलर मिळवणाऱ्या बाईने वर्षभर पूर्णवेळ काम केलं तर ३७,४४० डॉलर होतात. २०२५ ची सरकारी दारिद्र्यरेषा तिघांच्या घरासाठी २६,६५० आणि चौघांसाठी ३२,१५० होती. म्हणजे अशी बाई कागदावर गरीब नाही! २०२४ साली जे ३ कोटी ५९ लाख लोक (१०.६ टक्के) गरीब मोजले गेले, त्यांत ती येणार नाही.

या रेषेचा उगम मला अलीकडे कळला. १९६३-६४ च्या सुमारास सोशल सिक्युरिटी खात्यातल्या मॉली ओर्शान्स्की यांनी सर्वात स्वस्त पोटभर आहाराचा खर्च काढला आणि त्याला तिनाने गुणलं, कारण तेव्हा कुटुंबांच्या उत्पन्नाचा साधारण एक तृतीयांश भाग जेवणाखाणावर जात असे. त्यानंतर महागाईप्रमाणे आकडा वाढत गेला, गणिताचा गाभा तोच राहिला. घरभाडं, पाळणाघर, आजारपण यांनी केव्हाच किराण्याला मागे टाकलंय. अलास्का आणि हवाई सोडले तर मिसिसिपीतल्या खेड्याला आणि न्यू जर्सीला रेषा एकच.

जानेवारीत मंडळाची बैठक आहे. पुढच्या वर्षी काय करायचं हे तिथे मांडायचंय. तुमच्या भागात काय चालतं, काय खरंच उपयोगी पडतं, ते लिहाल का?

कृष्णाकाठ

पारिजातताई, मी सांगलीचा, निवृत्त शिक्षक. तळमळीने लिहिलंय तुम्ही. एक शंका आहे, राग मानू नका. मुलगी तिकडे असते म्हणून दोनदा येऊन गेलो. तिच्या गावात अशीच रांग पाहिली होती आणि रांगेतली बहुतेक माणसं मोटारीतून आली होती. आमच्याकडे रेशनच्या रांगेत मोटार दिसली तर लोक तक्रार करतील. मोटार परवडते आणि पीठ परवडत नाही, हे कसं?

पारिजात_जर्सी

काका, राग कसला. हा प्रश्न माझ्या बाबांनीही विचारला होता.

इथे एसटीही नाही आणि वडापही नाही. आमच्या गावात बस तासाला एक, तीही रविवारी बंद. नर्सिंग होमची पाळी रात्री अकराला सुरू होते. गाडी नसेल तर नोकरी नाही, म्हणून भाडं थकलं तरी चालेल पण गाडीचा हप्ता आधी भरतात. रांगेत नीट बघितलंत तर गाड्या पंधरावीस वर्षं जुन्या असतात, इंजिन बंद करून बसलेल्या असतात, म्हणजे पेट्रोल वाचतं. काही गाड्यांत मागच्या सीटवर उशा-पांघरुणं दिसतात. ती माणसं गाडीतच झोपतात.

वेलदोडा

मी ह्यूस्टनला असते. माझं काम खाण्याशी संबंधित नाही, टॅक्सशी आहे, तरी इथेच लिहिते कारण याबद्दल आपल्या लोकांना फार कमी माहिती आहे.

आयआरएसचा (केंद्राच्या टॅक्स खात्याचा) व्हीटा नावाचा कार्यक्रम आहे. १९६९ पासून चालू आहे. आमच्यासारखे लोक परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेतात आणि जानेवारीअखेरपासून १५ एप्रिलपर्यंत ग्रंथालयात, शाळेत बसून कमी उत्पन्नाच्या लोकांचे रिटर्न फुकट भरून देतात. यात एवढं काय, असं वाटेल. पण इथे कमावत्या गरिबांना मिळणारी सर्वात मोठी रोख मदत टॅक्स रिटर्नमधूनच येते. ईआयटीसी म्हणतात तिला, १९७५ पासून आहे. तीन किंवा जास्त मुलं असलेल्या घराला २०२४ च्या वर्षासाठी ७,८३० डॉलरपर्यंत मिळू शकत होते. टॅक्स शून्य असला तरी ही रक्कम हातात येते. आणि आयआरएसच सांगतं की पात्र लोकांपैकी साधारण पाचातला एक जण ती मागतच नाही.

गेल्या फेब्रुवारीत एक बाई प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन आल्या. तीन ठिकाणी काम, तीन डब्ल्यू-टू (वर्षाच्या पगाराचे दाखले), पाळणाघराच्या हाताने लिहिलेल्या पावत्या. आदल्या वर्षी एका दुकानदाराने रिटर्न भरायचे चारशे डॉलर घेतले होते आणि रिफंड आधी हातात देतो म्हणून वर वेगळे कापले होते. आम्हाला दीड तास लागला. स्क्रीनवर रिफंडचा आकडा आला तेव्हा त्यांनी तो मला दोनदा मोठ्याने वाचायला लावला, मग फोन काढून गॅरेजवाल्याला विचारलं, ट्रान्समिशनचं काम मंगळवारी घेशील का.

आपल्या मंडळांत हिशोबात तरबेज माणसं किती आहेत! अकाउंटंट असायलाच हवं असं नाही. प्रशिक्षण तेच देतात.

सडेतोड

मत वेगळं आहे, मांडतो. मी २००१ साली दोन बॅगा घेऊन आलो. पहिली तीन वर्षं चौघांत एक खोली, रात्री पेट्रोल पंपावर काम. कुणापुढे हात पसरला नाही. या देशात कष्टाला तोटा नाही असं माझं प्रामाणिक मत आहे. मदत फार सोपी केली की माणूस तिथेच अडकतो. म्हाताऱ्यांना, अपंगांना जरूर द्या. पण धडधाकट माणसाला वर्षानुवर्षं फुकट किराणा देणं त्याच्याही हिताचं आहे का?

पारिजात_जर्सी

सडेतोड, तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे. पण आकडे मांडू द्या. स्नॅप मिळणाऱ्यांत सुमारे ४० टक्के मुलं आहेत. साठीच्या पुढचे आणि अपंग धरले तर दोन तृतीयांशांच्या आसपास होतात. उरलेल्यांत बरेच जण काम करतात, फक्त त्यांच्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात. या आठवड्यात ३४ तास, पुढच्यात १६. केंद्राचा किमान वेतनदर २४ जुलै २००९ पासून ७.२५ डॉलरवर आहे. आमच्या राज्याने स्वतःचा वाढवलाय, अनेक राज्यांनी नाही.

अडकण्याबद्दल तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे, कारण मात्र वेगळं आहे. तासाला दोन डॉलर पगार वाढला की पाळणाघराची सवलत जाते, मग वाढलेल्या पगाराच्या कितीतरी पट खर्च अंगावर पडतो. आमच्याकडे येणाऱ्या एका आईने याच कारणासाठी बढती नाकारली. तिने माझ्यासमोर पावतीच्या मागे बेरीज करून दाखवली, मला तिच्यात चूक सापडली नाही.

आणि पैसे दिले तर काय होतं हे आपण २०२१ मध्ये पाहिलंय. त्या वर्षी चाइल्ड टॅक्स क्रेडिट (मुलं असलेल्या घरांची टॅक्समधली सवलत) वाढवलं, जुलै ते डिसेंबर दरमहा घरोघर पैसे गेले. सरकारी मदत आणि टॅक्स धरून जो दर काढतात त्यानुसार मुलांमधली गरिबी त्या वर्षी ५.२ टक्क्यांवर आली. पुढच्या वर्षी ती वाढ बंद झाली आणि दर १२.४ वर गेला. दोन वर्षांत आयांची मेहनत करायची वृत्ती बदलली असं मला तरी म्हणवत नाही.

डोंगरवाट

मी पूर्व केंटकीत डॉक्टर आहे. व्हिसाच्या अटीमुळे तीन वर्षांसाठी आलो होतो, सोळा वर्षं झाली. आमच्या भागात भारतीय डॉक्टर बरेच आहेत, ते याच वाटेने आलेले. इथे कोळशाच्या खाणी बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जागी दुसरं काही आलं नाही. जवळच्या मार्टिन परगण्यातल्या आयनेझ गावी एप्रिल १९६४ मध्ये अध्यक्ष जॉन्सन आले होते, एका घराच्या ओसरीवर बसून ते आपल्या सरकारच्या 'गरिबीविरुद्धच्या युद्धा'बद्दल (गरिबी हटवायच्या मोहिमेबद्दल) बोलले, ते फोटो देशभर गेले. त्याच परगण्यात आजही लोक नळाच्या पाण्यावर भरवसा ठेवत नाहीत, बाटल्या विकत आणतात.

मला दातांबद्दल लिहायचं आहे. म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्यात, म्हणजे मेडिकेअरमध्ये, नेहमीचे दंतोपचार येत नाहीत. प्रौढांच्या मेडिकेडमध्ये (गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्यात) काय मिळतं ते राज्याराज्यावर अवलंबून. माझ्याकडे मधुमेहासाठी येणारी एक पेशंट, वय ३८, हसताना कायम तोंडावर हात धरायची. मला वाटायचं लाजाळू आहे. एकदा हात काढायला सांगितला. वरचे पुढचे चार दात मुळापर्यंत किडलेले. त्या दुखण्यामुळे ती मऊ पावावर आणि कोल्ड्रिंकवर जगत होती आणि मी तिला दर तीन महिन्यांनी आहार बदला म्हणून सांगत होतो. हे माझ्या मनातून जात नाही. दुकानात गल्ल्यावरची जागा मागायला गेली तर घेतली नव्हती, म्हणाली.

रिमोट एरिया मेडिकल नावाची संस्था आहे. स्टॅन ब्रॉक यांनी १९८५ साली काढली, टेनेसीतली. मूळ हेतू परदेशातल्या दुर्गम भागांत डॉक्टर पोचवण्याचा होता, मग अमेरिकेतच इतकी गरज निघाली. शनिवार-रविवार एखाद्या शाळेच्या जिममध्ये किंवा जत्रेच्या मैदानावर दवाखाना लावतात. ओळखपत्र, विमा, उत्पन्न, काहीही विचारत नाहीत. लोक आदल्या रात्रीच गाड्या लावून झोपतात, कारण नंबर येईल त्याप्रमाणे घेतात. एकीकडे ओळीने दंतवैद्यांच्या खुर्च्या, दुसरीकडे चष्मे जागेवर घासून देणारी गाडी. मी आणि माझी पत्नी वर्षातून एकदोनदा जातो. ती डॉक्टर नाही, ती पार्किंगमध्ये पहाटे तीनला नंबराची चिठ्ठी वाटते. माझ्या पेशंटला मीच घेऊन गेलो. पुढचे चार काढले, कवळी पुढच्या वर्षी मिळाली.

मंडळांत दंतवैद्य असतील तर त्यांनी जरूर विचार करावा. बाकीच्यांसाठी पार्किंग आहेच.

कृष्णाकाठ

डॉक्टर, वाचून गलबललो. मोटारीची शंका फिटली, ताई.

अबोली_२

हे पहिल्यांदाच कुठेतरी लिहिते आहे. हा आयडीही त्यासाठीच नवा काढलाय.

२०१६ च्या हिवाळ्यात माझा नवरा आजारी पडला. एच-वनवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) होता, मी एच-फोरवर (त्याची बायको म्हणून मिळालेल्या व्हिसावर), मला कामाची परवानगी नव्हती. कंपनीने चार महिने बिनपगारी रजा दिली, त्यात नोकरी टिकली हेच खूप. पण दवाखान्याची बिलं, घरभाडं, दोन मुलं. घरी सांगितलं नाही, सासूबाईंना बीपीचा त्रास. तात्पुरत्या व्हिसावर स्नॅप मिळत नाही. आणि कुठेही मदत मागितली तर ग्रीन कार्डाला बट्टा लागेल अशी भीती डोक्यात बसलेली.

मुलाच्या शाळेत डब्याऐवजी फक्त बिस्किटं जायला लागली तेव्हा त्याच्या बाईंनी फोन केला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, दुपारच्या जेवणाचा एक पानी फॉर्म आहे, त्यात व्हिसाबद्दल काहीही विचारत नाहीत. तो भरला आणि दोन्ही मुलांना सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण शाळेत मिळायला लागलं. रविवारी आम्ही गुरुद्वारात लंगरला जायचो. तिथे सगळेच पंगतीत बसतात, त्यामुळे मुलांना वेगळं काही वाटलं नाही.

पँट्रीत मात्र मी दोन गावं सोडून गेले, आपल्यातलं कुणी भेटू नये म्हणून. दारावर एक आजीबाई बसल्या होत्या. त्यांनी पिन कोड आणि घरात माणसं किती एवढंच विचारलं आणि म्हणाल्या, दुकानासारखं आहे, हवं ते घे. मी तांदूळ, कांदे आणि दूध घेतलं. गाडीत येऊन पंधरा मिनिटं रडले.

त्या वर्षी मंडळाच्या गणपतीला गेलो नाही. चौघांचं तिकीट परवडत नव्हतं आणि का आला नाहीत याचं उत्तर द्यायची ताकद नव्हती. पारिजातताई, बैठकीत दोन गोष्टी सांगाल? वाटप करताना फोटो काढू नका, घेणाऱ्याचे तर नाहीच. आणि कार्यक्रमाला दोनचार तिकिटं अशी ठेवा की जी कुणीही न बोलता घेऊ शकेल. आपल्यातही अशी घरं असतात. ती सांगत नाहीत.

सडेतोड

अबोलीताई, तुमचं वाचलं. काल लिहिलं त्यातलं "हात पसरला नाही" हे वाक्य मी मागे घेतो. माझ्या त्या तीन वर्षांत मुलं नव्हती, आजारपण नव्हतं, आणि चौथ्या खाटेचं भाडं एका मित्राने दोन महिने भरलं होतं.

आमच्या मंडळात तिकिटांचं काम माझ्याकडे असतं. ते मी करतो.

पाटीपेन्सिल

मी ओहायोत प्राथमिक शाळेत शिकवते. अबोलीताईंच्या मुलाच्या बाईंसारखे फोन आम्हालाही करावे लागतात. शाळेतलं जेवण शुक्रवारी दुपारी संपतं आणि सोमवारी सकाळी सुरू होतं. मधल्या दोन दिवसांसाठी फूड बँकेकडून पिशव्या येतात, शुक्रवारी मुलं मधल्या सुट्टीत बाहेर गेली की आम्ही त्यांच्या दप्तरांत गुपचूप ठेवतो. पिशवीत मुलाला एकट्याला उघडून खाता येईल असंच काही असतं, कारण शनिवारी आई कामावर असते. गेल्या वर्षी माझ्या वर्गात एकाने विचारलं होतं, बहिणीसाठी पण मिळेल का, ती अजून शाळेत येत नाही. तेव्हापासून त्याला दोन जातात.

पारिजात_जर्सी

अबोलीताई, तुम्ही लिहिलंत, तुमचे आभार कसे मानू. दोन्ही गोष्टी बैठकीच्या टिपणात सर्वात वर घातल्या आहेत. फोटो मीही काढलेत, पोत्यांबरोबर उभं राहून. पुन्हा नाही काढणार.

वर सगळ्यांनी लिहिलंय त्यावरून मी असं मांडणार आहे. धान्य गोळा करणं थांबवायचं नाही, पण आधी पँट्रीला फोन करून काय हवंय ते विचारायचं. जमेल तितकी रोख रक्कम फूड बँकेला द्यायची. (अनेकांचा गोंधळ होतो म्हणून: फूड बँक म्हणजे मोठं गोदाम, पँट्री म्हणजे गल्लीतलं वाटपाचं ठिकाण. पहिली फूड बँक १९६७ साली ॲरिझोनातल्या फीनिक्सला जॉन व्हॅन हेंगल यांनी सुरू केली, सेंट मेरीज. आता देशात दोनशेच्या आसपास आहेत.) ते लोक घाऊक भावाने घेतात, त्यांच्याकडे शीतगृह असतं, दूध-अंडी घेऊ शकतात. आपण दुकानातून छापील किमतीला घेतलेल्या डब्यांपेक्षा तेवढ्याच पैशांत कितीतरी जास्त येतं.

आणि ज्या गोष्टी स्नॅपवर घेताच येत नाहीत त्या आपण घ्यायच्या. साबण, टूथपेस्ट, सॅनिटरी पॅड, टॉयलेट पेपर, डायपर. डायपरला महिन्याला ऐंशी ते शंभर डॉलर लागतात आणि पाळणाघरात बाळाबरोबर दिवसाचे डायपर द्यावे लागतात. ते नसले तर बाळाला घेत नाहीत, मग आईची पाळी बुडते. आम्ही मोठे खोके फोडून पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधतो, तरी अकरा वाजेपर्यंत फळी रिकामी होते.

मोटेलातल्या घरांसाठी वेगळा खोका करतोय. मायक्रोवेव्हमध्ये होणारा भात, कडीचे डबे, एक ओपनर, चमचे.

वेलदोडा

डायपरचं इकडे आमच्या मंडळातही सुचवते. कुठल्या मापाचे आणायचे? मागे एका बेबी शॉवरला आम्ही नवजात बाळाचे ढीगभर जमवले होते.

पारिजात_जर्सी

नवजाताचे सगळेच आणतात, कारण ते छोटे गोंडस दिसतात. आमच्याकडे कपाट भरून पडलेत. ४, ५ आणि ६ नंबरचे आणा. सहा नंबर तर मिळेल तितका.

अबोली_२

मी जर्सीतच आहे. शनिवारी किती वाजता येऊ?

पारिजात_जर्सी

साडेसातला या. तळघराचं दार मागच्या बाजूला आहे, मी उघडून ठेवते.